पहिलीच्या वर्गातलं एक वर्ष



वाशीत भरलेल्या या शिक्षक संमेलनात मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. पहिलीतली सगळी मुलं सारखी नसतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरीही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोण हुशार आणि कोण ‘ढ’, हे आपल्या मनात पक्कं होऊन बसलेलं असतं.

आधी वयाचं बघा. 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणार असतील तर मूल पहिलीत बसतं. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर जानेवारीत जन्मलेली, जवळपास साडेसहा वर्षांची मुलगी आणि डिसेंबरात जन्मलेला साडेपाच वर्षांचा मुलगा शेजारी असतात. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा! तिची बोटं पेन्सिलीवर स्थिरावलेली असतात. तो पेन्सिल मुठीत धरतो आणि ‘ळ’ गिरवताना कागद फाडतो. वर्गातली वयाने सर्वांत लहान मुलं गुणांत मागे राहतात आणि अतिचंचलतेचं निदानही त्यांच्याच वाट्याला जास्त येतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. जन्मतारीख तर जनरल रजिस्टरमध्येच असते. ‘अक्षर गिचमिड, लक्ष नाही’ अशी वर्णनात्मक नोंद करण्याआधी आपल्यापैकी किती जण ती पाहतात?

आपल्या शहरात तर याच्यावर आणखी थर चढतात. घणसोली, दिवाळे इथल्या गावठाणांत मूल आगरी-कोळी बोलत वाढतं. बांधकामावर आलेल्या कुटुंबांत गोरमाटी असते, कानडी असते. नेरूळच्या एखाद्या सोसायटीतून येणाऱ्या मुलाने शाळेआधीच ढीगभर गोष्टीची पुस्तकं चाळलेली असतात. तुर्भ्याला भाजीच्या गाळ्यावर आईला मदत करणारा तिसरीतला एक मुलगा मी पाहिला. पंधराला एक अशा मेथीच्या चार जुड्या त्याने दिल्या आणि गिऱ्हाईक पिशवी उघडतंय तोवर शंभरातले चाळीस परत केले. वहीत 100 खाली 60 उभे मांडले, तेव्हा हातचा कुठून घ्यायचा इथे तो अडला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबाबत हेच आढळलं. आणि उलटही: शाळेचं गणित येणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली. मग यातलं ‘ढ’ कोण?

मुलांचं मोजमाप करायला माझा विरोध नाही. मानसशास्त्रज्ञ बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली ती वर्गात जादा मदत कुणाला हवी हे शोधण्यासाठी. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. पण मोजल्यावर शिकवणं बदलायला हवं, हे आपण विसरतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना 1996 मध्ये महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या, देशात सर्वांत आधी. याचा मला अभिमान आहे. पण अक्षमतेच्या दाखल्यासाठी पालकांची धावाधाव सुरू होते ती नववीत! जोडाक्षरं वाचताना ते मूल दुसरीपासून रडत होतं, त्या सात वर्षांचं काय?

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहिली-दुसरीच्या हजेरीपटावर नावापुढे जन्ममहिना लिहा. ‘अप्रगत’ हा शेरा मारण्याआधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारी किती तरी मुलं आपण आळशी ठरवलेली आहेत. आणि ‘प्रथम’ संस्थेने गावोगावी करून दाखवलं तसं, रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून मुलांना त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. मात्र हे गट दर महिन्याला मोडायचे आणि नव्याने पाडायचे. जुलैत अक्षरं शोधणारं मूल ऑगस्टमध्ये वाक्य वाचू लागलं असेल, तर त्याने पुढच्या गटात जायला हवं.