‘जातो बाबा’ म्हटल्यानंतर

लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर बॅग पुढे घ्या आणि सात-आठ मिनिटं माझ्यासोबत राहा.

आजचा विषय आहे आज्ञापालन. शब्द ऐकूनच काही जण पुढचा एपिसोड लावतील. त्यांचंही बरोबर आहे, कारण लहानपणापासून या शब्दाचा एकच अर्थ आपल्या कानावर आलाय: मोठ्यांनी सांगितलं की उलट बोलायचं नाही. घरी ऐकायचं, संडेस्कूलमध्ये ऐकायचं, ऑफिसातही ऐकायचं. मग चांगला ख्रिस्ती माणूस म्हणजे मान खाली घालून ‘हो’ म्हणणारा, असं वाटायला लागतं.

पण येशूनं सांगितलेली गोष्ट बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायात आहे. एका माणसाला दोन मुलगे. बाप एकाला सांगतो, आज मळ्यात जाऊन काम कर. तो तोंडावर ‘नाही’ म्हणतो, पण नंतर त्याचं मन पालटतं आणि तो जातो. दुसरा अगदी अदबीनं ‘जातो’ म्हणतो आणि जातच नाही. मग येशू विचारतो, बापाच्या मनासारखं कोणी केलं? समोर धर्माचे पुढारी बसलेत. त्यांनाही म्हणावं लागतं, पहिल्यानं.

या गोष्टीतला ‘आज’ हा शब्द नीट ऐका. बापानं मुलाच्या हातात जन्मभराचा आराखडा दिला नाही. आजचं काम दिलं. आपण मात्र ‘देवाची माझ्यासाठी काय योजना आहे’ हे वर्षानुवर्षं विचारत बसतो, आणि आजचं माहीत असलेलं काम तसंच राहतं.

आपल्या महाराष्ट्रातच बघा, पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाईंना कोणी ‘आज्ञाधारक’ म्हटलं नसतं! तिथल्या सिस्टर्सशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून चांगलाच वाद घातला. मला देवानं सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि ती मी वापरणार, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे माणसांचं सगळं ऐकणं आणि देवाचं ऐकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परत आल्यावर मार्च 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केलं, आपल्या मुंबईतच, गिरगाव चौपाटीजवळ. आम्ही शीवकर दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरतो ना, तिथलीच चौपाटी. विधवा मुलींनी शिकावं म्हणून ही शाळा. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं.

आणि या सगळ्या कामाबद्दल बाईंनी नंतर काय लिहिलं? की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढं काम उभं केलेली बाई हे लिहिते. मला हे वाचून धीर येतो. कारण आपण काम करतो म्हणून देव आपला बाप होत नाही. तो बाप आहे म्हणून आपण मळ्यात जातो.

मग 1896 चा दुष्काळ आला. बाईंचे आईवडील आणि बहीण लहान वयातच दुष्काळात गेलेली, त्यामुळे उपाशी मुलगी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. आता ‘सेवा’ म्हटलं की आपल्याला स्टेज आणि माईक दिसतो. तिथं सेवा म्हणजे विहिरी, धान्य, आजारी मुलींची उशाशी बसून काळजी, विणकाम, छापखाना. 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभाराबद्दल त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. हेही आज्ञापालनच.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या, आणि बायबल प्रसिद्ध झालं 1924 मध्ये. एक ओळ, मग दुसरी ओळ, मग प्रूफ. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

आता म्हणाल, आम्ही कुठं रमाबाई! बरोबर. म्हणून आमच्या तरुण संघातल्या एका मुलीचं सांगतो. टेस्टिंगमध्ये आहे. रिलीजच्या आदल्या रात्री तिला सांगण्यात आलं, ज्या टेस्ट चालवायला वेळ नाही त्याही रिपोर्टमध्ये ‘पास’ दाखव, नंतर बघू. घरात कमावणारी ती एकटी, वर घराचा हप्ता. तिनं भाषण दिलं नाही. इतकंच म्हणाली, चालवल्यात तेवढ्याच ‘पास’ लिहिते, उरलेल्यांपुढं ‘चालवलेली नाही’ लिहिते, आणि हव्या तर रात्रभर बसून चालवते. रात्रभर बसलीही. त्या वर्षी तिचं रेटिंग घसरलं. देवानं लगेच दुसरी मोठी नोकरी दिली, असं काही या गोष्टीत नाही. ती अजून तिथंच आहे, आणि रिपोर्ट अजून खरे लिहिते.

आमच्या भागाचं नाव शीव. शीव म्हणजे हद्द, गावाची वेस. मला वाटतं, आपल्या विश्वासालाही अशी एक शीव असते. रविवारच्या उपासनेपर्यंत तो आपल्यासोबत येतो आणि सोमवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर मागं राहतो. ती हद्द ओलांडायला मोठा साक्षात्कार लागत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींचे पैसे एक तारखेला द्यायचे. भावाला फोन करायचा, ज्याच्याशी सहा महिने बोलणं नाही. ग्रुपवर आलेला, कोणाच्या तरी जातीवरचा विनोद पुढे पाठवायचा नाही, आणि ज्यानं पाठवला त्याला ‘हे बरं नाही’ असं सांगायचं.

तुम्हाला या आठवड्यासाठी नवी यादी देत नाही. तुमच्या मनात आत्ता एक गोष्ट आलीच असेल. बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे, फक्त केलेली नाही. तीच. इअरफोन काढल्यावर पहिली तीच करा.

प्रभू, ‘जातो’ म्हणायला आम्ही पटाईत आहोत. आज आम्हाला खरंच मळ्यात ने. आमेन.

पुढच्या भागात भेटू. सलाम.