रोज एक मिलिमीटर

आमच्या सोमेश्वरनगरला गळीत हंगाम सुरू झाला, की गुरांना हिरव्या वाड्याची चंगळ होते. असेच वाडे तोडताना माझ्या डाव्या मनगटावर कोयता बसला. तुटलेला मज्जातंतू पुण्याच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली शिवला. पंधरा दिवसांत जखम भरली. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिरच राहिली. एकदा गरम किटली धरली. कातडी भाजलेली डोळ्यांना दिसली, हाताला कळली नाही!

घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनगटापासून पुढे टिचक्या मारत नेल्या. एके ठिकाणी बोटांत मुंग्या आल्या. तिथे पेनाने खूण केली आणि म्हणाले, "महिन्याने या. ही इंचभर पुढे सरकलेली असेल." मज्जातंतू रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो, हे मला तेव्हा कळले.

हे घडते कसे? बोटाची संवेदना नेणाऱ्या पेशीचे मूळ मानेपाशी, मणक्याजवळ असते. कोयत्याने तिचा लांब धागा तुटतो, मूळ शाबूत राहते, उसाच्या खोडव्यासारखे. तुटलेल्या वाटेवरच्या आवरणपेशी काही पोषक प्रथिने सोडतात. धाग्याच्या टोकावरची ग्राहक प्रथिने ती पकडतात आणि निरोप पार मानेपर्यंत जातो. पेशीच्या आत तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोचतो. 'एकेटी' नावाचे प्रथिन पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा रोखते. 'ईआरके' वाढीचा हुकूम केंद्रकापर्यंत नेते.

अशा पोषक प्रथिनांपैकी पहिले शोधले रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांनी. इटलीत १९३८ च्या ज्यूविरोधी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढले. तेव्हा बाईंनी निजायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ तपासले. पुढे अमेरिकेत स्टॅनली कोहेन यांनी मिश्रणातला एक घटक नष्ट करण्यासाठी सापाचे विष घातले, तर तंतू उलट जोमाने वाढले. ते प्रथिन विषातच होते! (म्हणून फडात साप चावला तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.) दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

मग हे प्रथिन टोचून का घेऊ नये, असे मीही विचारले. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांवर तो प्रयोग झालेला आहे. मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, टोचल्या जागी दुखले मात्र. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेलेल्यांसाठी त्याचे थेंब अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. हाताला मात्र वाट पाहणे आले, आणि तोवर बधिर बोटे चुलीपासून, कोयत्यापासून जपणे.

माझी खूण सरकत राहिली. सातव्या महिन्यात डोळे मिटून खिशातले नाणे बोटांना लागले. रुपयाचे की दोन रुपयांचे, ते अजून सांगता येत नाही.