टपाल तिकिटांवरील आपले कीटक
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कीड म्हटले की आपला हात आधी फवारणी पंपाकडे जातो. मी आज एक छोटा अल्बम आणला आहे. त्यात आपल्या देशातील कीटकांची टपाल तिकिटे आहेत.

अल्बमची सुरुवात शत्रूपासून होते. पंचवार्षिक योजनेच्या १९५५ सालच्या मालिकेतील हिवताप नियंत्रणाच्या तिकिटावर डास आहे. त्यानंतर १९८० चे एक रुपयाचे तिकीट, त्यावर आपली देशी सातेरी मधमाशी. १९८१ साली चार फुलपाखरे आली. त्यातले दोन रुपयांच्या तिकिटावरील कैसर-ए-हिंद पूर्व हिमालयातले. आपल्या शिवारात ते शोधू नका.

मला महत्त्वाची वाटतात ती २०१७ सालची ढालकिड्यांची चार तिकिटे. मावा फस्त करणारा हा आपला मित्र. गेल्या रब्बीत एक शेतकरी करडईची डहाळी घेऊन आले. म्हणाले, "साहेब, माव्यावर ही नवीनच कीड पडली, कालच फवारले." पाहतो तो ढालकिड्याच्या मेलेल्या अळ्या! काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या लांबट. त्यांच्या मुलाकडे ढालकिड्याचे तिकीट होते, पण त्यावर गोल भुंगेरा. अळी कशी ओळखणार? मावा तर अळीही खाते. तेव्हापासून मी तिकिटाशेजारी अळीचे चित्र पेन्सिलने काढून ठेवतो. मुलांनाही तसेच करायला सांगा.

आता जपणुकीबद्दल. पाकिटावरचे तिकीट ओढून काढू नये. कागदासह कापून साध्या पाण्यात भिजवावे, सुटले की टिपकागदात दाबून सुकवावे. नव्या चिकट तिकिटांचा गोंद पाण्याने सुटेलच असे नाही. ती कागदासकटच ठेवावीत. कोरी तिकिटे पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात, म्हणून अल्बम कोरड्या जागी उभा ठेवावा. हाताने न धरता चिमटा वापरावा. अधूनमधून पाने उलटावीत, नाहीतर कसर लागते. कीटकांच्या संग्रहाला कीटकच लागावा, हा अनुभव मी घेतलेला आहे! नव्या तिकिटांसाठी मोठ्या टपाल कार्यालयातील फिलाटेली विभागात चौकशी करावी. जुन्या तिकिटांना भारी किंमत येईल या आशेने मात्र पैसे घालू नयेत.

अल्बम बाजूच्या टेबलावर ठेवला आहे. भिंगाखाली ढालकिड्याच्या जिवंत अळ्याही आहेत, त्या पाहूनच जावे.