पडदे गेले, गाणं उरलं

परदेशातले जुने रॉक बँड हल्ली निरोपाचे दौरे काढतात. कधी साज कमी, लवाजमा कमी, पण रसिक जिवाभावाचे. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांना असा जाहीर निरोप क्वचितच लाभला.

मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी १९१८ साली निघाली. नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेटारे असं सगळं बिऱ्हाड घेऊन ती गावोगाव फिरे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक याच मंडळीनं १९३१ मध्ये रंगभूमीवर आणलं. वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांची ती झेपावणारी तान! रत्नागिरीकरांनी अभिमानानं सांगावा असा हा धागा आहे.

पुढे बोलपट आले. दीनानाथही त्यात उतरले, ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. पैसा बुडाला, मंडळी मोडली.

गाणं मात्र थांबलं नाही. पडदे, पेटारे गेले. तंबोरा, तबला, पेटी उरली. १९३८ मध्ये सोलापूरला, दीनानाथांच्या मैफलीत, त्यांची नऊ वर्षांचीही पुरती न झालेली लेक लता गायला बसली. मला ही मैफल वैभवकाळातल्या प्रयोगांहून मोठी वाटते, कारण तिथे सुरांखेरीज दुसरा आधारच नव्हता. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय अवघं एक्केचाळीस.

श्रोतेहो, घरातल्या माळ्यावर जुन्या संगीत नाटकाची एखादी जाहिरात किंवा पदांचं पुस्तक सापडलं, तर रद्दीत घालू नका. जपून ठेवा.