समाजकार्य शिकावे लागते काय?
(नभोवाणीवरील भाषण)

समाजकार्य हाही शिकण्याचा विषय आहे आणि त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षे घालवावी लागतात, असे कोणी म्हटले की ग्वाल्हेरच्या आमच्या माधवगंजातील जुनी मंडळी हसतात. मीही हसत असे. मनात कळवळा असावा, चार लोकांत शब्दाला मान असावा. त्यात शिकायचे ते काय? ज्या प्रसंगाने माझे हे मत बदलले, तो मला मुळीच भूषणावह नाही.

शेजारच्या वाड्यातील एक सून मारहाणीला कंटाळून, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन, एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसली. दोन्हीकडच्या मंडळींशी माझा घरोबा; सगळे मला काका म्हणत. मी उभय पक्षांना समोरासमोर बसवले. नवऱ्याने बायकोच्या स्वभावाचे दोष सांगितले, तिने मान खाली घातली, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, चहा झाला. घर सासूच्या नावावर आहे, तेव्हा जमवून घेतल्यावाचून तुला गत्यंतर नाही, असा उपदेश करून मी तिला परत पाठवली आणि समाधानाने झोपलो. तीन आठवड्यांनी तिचा हात मोडला.

तेव्हा माझी भाची आमच्याकडे आली होती. समाजकार्याची पदव्युत्तर परीक्षा तिने नुकतीच दिली होती. हकिगत ऐकून तिने मला बोल लावला नाही. तिने एवढेच विचारले, "मामा, तुमच्या बैठकीच्या वेळी मुलगा कोठे होता?" मला आठवेना. तो दाराआड उभा होता, असे मागाहून कळले. त्यानंतर तो रात्री अंथरूण ओले करू लागला होता, शाळेत बोलेनासा झाला होता, आणि घरच्यांनी त्याला हट्टी ठरवून टाकले होते. भीतीने भेदरलेले मूल कधी कधी आपल्या वयाहून लहान मुलासारखे वागू लागते, हे मानवी विकासाच्या अभ्यासात शिकवतात. मी चार मुलांचा आजोबा. पण मला ते दिसले नाही.

मग तिने कायदा काढला. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा अधिनियम २००५ सालचा. त्यातील सतराव्या कलमान्वये स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घराची मालकी तिची असो वा नसो. घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. म्हणजे माझा उपदेश साफ चुकीचा होता. याच कायद्याखालील २००६ सालच्या नियमांनी तर माझी उरलीसुरली ऐट उतरवली. न्यायालयाने नेमलेला समुपदेशक पक्षकारांचा नातलग किंवा प्रकरणात हितसंबंध असलेला नसावा. सर्वांनी लेखी संमती दिली तरच अपवाद. आणि समुपदेशनात पुरुषाला मारहाणीचे समर्थन करता येत नाही, हे त्याला आरंभीच सांगावे लागते. माझ्या ओसरीवर तर दुसरे काही झालेच नव्हते!

पण हे पुस्तकातून मलाही वाचता आले असते. ती जे शिकली होती ते निराळेच होते. आठवड्यातील साधारण दोन दिवस इस्पितळात, वस्तीत वा बालगृहात काम करायचे. कोण काय बोलले, आपण काय बोललो, ते घडले तसे लिहून काढायचे. आणि ती वही मार्गदर्शकापुढे ठेवायची. 'येथे तू घाई केलीस', 'येथे तुला राग आला होता', असे शेरे त्यात असत. साठ वर्षांत माझी वही अशी कोणी तपासली नव्हती.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत घातला गेला. तेथे काम करणाऱ्या डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाचे विद्यालय निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आमच्या बाजूला इंदूरचे विद्यालय १९५१ पासूनचे. टाटा संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला. तक्रार घेऊन आलेल्या बाईला तेथे पोलिसांच्याच छपराखाली शिकलेली समाजकार्यकर्ती भेटू लागली. वकील कायदा सांगतो, शेजारी धीर देतो; परंतु बाईला काय हवे आहे हे आधी विचारायचे, आणि खोटे आश्वासन द्यायचे नाही, हे काम कोणाचे?

त्या सुनेला भाचीने जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेले. पुढे न्यायालयाचा आदेश झाला. ती त्याच वाड्यात, वेगळ्या दोन खोल्यांत राहते. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी ओसरीवर येत नाही.

हल्ली काही पालक मुलीला या शिक्षणाला घालू का, असे विचारतात. पगार बेताचाच, हे मी लपवत नाही. विद्यालय निवडताना इमारत पाहू नका. विद्यार्थी बाहेर कामाला किती दिवस जातात आणि त्यांची वही कोण वाचतो, तेवढे विचारून या, असे मी त्यांना सांगतो.