चिमूटभर पादेलोण

इंदूरच्या सराफ्यात जवाहिऱ्यांच्या पेढ्या रात्री बंद झाल्या, की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. थंडीच्या दिवसांत तेथे गराडूच्या तळलेल्या फोडींवर विक्रेता एक तपकिरी पूड भुरभुरवितो आणि वर लिंबू पिळतो. ती पूड म्हणजे जिरावण. सकाळी पोह्यांवर आणि दुपारी पेरूच्या फोडींवरही तीच. जिरे, धने, आमचूर, हिंग असे अनेक जिन्नस तीत पडतात आणि प्रत्येक घराचे प्रमाण निराळे. परंतु ज्यावाचून जिरावणाला जिरावणपण येत नाही, तो जिन्नस म्हणजे पादेलोण, हिंदीतला काला नमक. इंदूरच्या मराठी घरांतून पोह्यांच्या बशीशेजारी ही डबी येते, तेव्हा माळव्याने दक्षिणेशी केलेला तो एक रुचकर तहच वाटतो.

पादेलोण हे नाव उच्चारताना शिष्ट माणूस किंचित अडखळतो. वास घेतल्यावर मात्र त्याची शंका फिटते.

हे मीठ खाणीतून जसेच्या तसे निघते, असा पुष्कळांचा समज असतो. खाणीतून निघते ते शेंदेलोण, अर्थात सैंधव. पादेलोण बहुधा भट्टीत घडविले जाते. सैंधव किंवा सांभर सरोवरासारख्या ठिकाणचे मीठ मातीच्या बंद भांड्यात हिरडा, बेहडा, आवळा, बाभळीची साल, सज्जीखार अशा द्रव्यांसह कित्येक तास प्रखर आचेवर ठेवतात. मीठ वितळते, वनस्पतींचा कोळसा होतो आणि तो कोळसा मिठातील सल्फेटांचा प्राणवायू ओढून घेतो. उरतात ती सल्फाइडे. लोहाच्या सल्फाइडामुळे खड्याला काळसर जांभळी छटा येते. तोच खडा कुटला, की पूड गुलाबी-करडी दिसते. वास हायड्रोजन सल्फाइडाचा, उकडलेल्या अंड्यात येतो तोच. आम्लाचा स्पर्श होताच हा वायू मोकळा होतो. गराडूवर लिंबू पिळताच दरवळ उठतो तो त्यामुळे. पदार्थ उकळत असता पादेलोण घातले तर तो वायू उडून जातो. म्हणून जाणती गृहिणी ते कोशिंबिरीत, ताकात किंवा पन्ह्यात अगदी शेवटी घालते.

आयुर्वेदात या लवणाला जुना मान आहे. चरकसंहितेत सौवर्चल, सैंधव, विड, औद्भिद आणि सामुद्र अशी पाच लवणे सांगितली आहेत. हिंदीतील सोंचर व गुजरातीतील संचळ ही नावे सौवर्चलाशी नाते सांगतात. परंतु विडलवण म्हणूनही काळे मीठच वापरले जाते, आणि हा नावांचा घोळ वैद्यांच्या दुकानांतही पुरता मिटलेला नाही. दीपन आणि पाचन हे त्याचे गुण मानले जातात. लवणभास्कर चूर्णात एकाहून अधिक लवणे एकत्र येतात. जड जेवणानंतर ओवा, हिंग आणि चिमूटभर पादेलोण घेण्याची चाल तर घरोघर आहे.

घोटाळा होतो तो या औषधी लौकिकामुळेच. रक्तदाबाच्या रोग्याला डॉक्टर मीठ कमी करावयास सांगतात, तेव्हा घरातील एखादी वडीलधारी स्त्री पांढऱ्या मिठाचा डबा आत ठेवून काळ्या मिठाची बाटली पुढे करते. माया खरी, पण हिशेब चुकीचा. पादेलोणाचा फार मोठा भाग सोडियम क्लोराइडचाच असतो. रंग व वास देणारी द्रव्ये अगदी अल्प असतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. भाजीतले, लोणच्यातले, शेवेतले आणि ताकातले काळे मीठ, सारे त्यातच मोजावयाचे. सुजलेल्या पायांच्या हृदयरोग्यास तर ही गफलत महागात पडू शकते. शिवाय १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झाला. पादेलोणात ते आयोडीन बहुधा घातलेले नसते. घरातले सगळेच मीठ काळे केले, तर गर्भवती स्त्री आणि मुले त्याला मुकण्याचा संभव असतो.

रक्तदाबाच्या माणसाला इंदुरी पोहे वर्ज्य करण्याचे मात्र कारण नाही. भाजलेले जिरे व धने, आमचूर, मिरे आणि थोडा हिंग यांची मिठावाचून दुसरी डबी घरी करता येते. पोह्यांत मीठ हात राखून घालावे, शेव वगळावी आणि त्याच्या बशीवर ही पूड टाकून लिंबू जरा सढळ हाताने पिळावे.