न्याय भिंतीबाहेरही हवा

(कळंबा येथील प्रौढांच्या वर्गात केलेले भाषण)



कळंब्यात दोन गोष्टी लगेच नजरेत भरतात. एक तलाव, आणि दुसरी तुरुंगाची उंच भिंत. भिंतीकडे बोट दाखवून लहान पोरगंही सांगतं, "वाईट केलं की तिथं जावं लागतं." खरे आहे. पण आज आम्ही भिंतीच्या आतल्या माणसाविषयी बोलणार नाही. भिंतीबाहेर राहिलेल्या बाईविषयी बोलणार आहोत.

समजा, एखाद्या बाईवर किंवा पोरीवर कोणी बळजबरी केली. कायदा याला बलात्कार म्हणतो. गुन्हा करणारा एक. पण तोंड लपवते कोण? ती बाई! घरचे म्हणतात, "झालं ते झालं. चारचौघांत कशाला न्यायचं? पोरीच्या लग्नाचं काय?" गावातले चार शहाणे म्हणतात, "आपसांत मिटवू." मंडळी, हा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. तो बांधाचा तंटा नव्हे.

एक खरी हकिकत ऐका. १९७२ साल. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका गरीब आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. आज ते गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. आरोपी कोण? चौकीतलेच दोन पोलीस! तिचे नाव आम्ही घेत नाही. अशा बाईचे नाव छापायला आज कायद्याची मनाई आहे.

खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. १९७६ साली नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. का? तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते. अहो, चौकीत पोलिसांपुढे एकटी पोर कोणाच्या नावाने ओरडणार?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. घाबरून गप्प बसणे म्हणजे राजी असणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ठिकठिकाणच्या बायका रस्त्यावर उतरल्या. शेवटी १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाने ताब्यातल्या बाईवर अत्याचार केला आणि ती कोर्टात म्हणाली की, "मी राजी नव्हते," तर कोर्टाने तसेच धरून चालायचे, असे ठरले. खटला बंद दाराआड चालू लागला.

त्या पोरीला मात्र न्याय मिळाला नाही. तिच्यामुळे पुढच्या बायकांची वाट थोडी सोपी झाली. ती वाट आता नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, तक्रार. कोणत्याही पोलीस ठाण्यात जा. "ही आमची हद्द नाही," असे सांगून परत पाठवता येत नाही. बाईचा जबाब बाई अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. तक्रार नोंदवायला नकार देणे हाच गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, दवाखाना. सरकारी असो की खाजगी, उपचार ताबडतोब आणि फुकट केले पाहिजेत. आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर आहे. अंगावरचे कपडे धुऊ नका. तोच पुरावा असतो. पोरीची पूर्वीची चालचलणूक कशी होती, हे विचारण्याचा कोणाला हक्क नाही.

तिसरी गोष्ट, वकील. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची मिळकत किती, हे बघत नाहीत. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालय आहे. तिथे 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' कुठे आहे, ते विचारा.

चौथी गोष्ट, भरपाई. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्रात 'मनोधैर्य' नावाची योजना आहे. तिचे काम आता हेच प्राधिकरण बघते. गुन्हा कसला, इजा किती, यावरून रक्कम ठरते. ती दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. आरोपी सुटला तरी, बाईला आधाराची गरज असेल, तर कोर्ट भरपाईची शिफारस करू शकते.

इथे कोणी तरी कुजबुजणार, "अब्रूचं पैसं घ्यायचं व्हय?" त्यांना आम्ही विचारतो, २०१९ साली पंचगंगेला महापूर आला. घरे पडली, पंचनामे झाले, लोकांनी भरपाई घेतली. त्यांनी घर विकले असे कोणी म्हटले का? नाही. ही रक्कमही तशीच. ती उपचाराला आहे, बुडालेल्या मजुरीला आहे, पोरीच्या शिक्षणाला आहे. अब्रू गेली असेल तर ती गुन्हा करणाऱ्याची. बाईची कशी जाईल?

मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर मुलगा असो की मुलगी, २०१२ सालचा वेगळा कायदा आहे. त्या कायद्याने माहीत असून गप्प बसणे हाही गुन्हा आहे. मग तो माणूस घरचा का असेना.

आता वह्या उघडा आणि हे आकडे लिहून घ्या. पोलीस ११२. बायकांसाठी मदत १८१. मुलांसाठी १०९८. वकिलाच्या मदतीसाठी १५१००.

आणि एक लक्षात ठेवा. लिहिलेली तक्रार पोलिसांनी तुम्हाला वाचून दाखवायची असते. तिची नक्कल फुकट मिळते. आजवर तुम्ही अंगठा उठवून येत होता. आता तुम्हाला वाचता येते. आपण सांगितले तेच लिहिले आहे ना, हे बोट ठेवून वाचा. चुकले असेल तर दुरुस्त करायला सांगा. मगच सही करा.

शेजारच्या बाईवर असा प्रसंग आला, तर तिला, "तू तिथं कशाला गेलीस?" असे विचारू नका. "चल, मी येते बरोबर," एवढेच म्हणा. तिची वही-पिशवी हातात घ्या आणि चालू लागा.